मोहरीच्या ट्यूबा आणि लाकडाची मोळी

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर माझ्या कामाचं जर्मन नाव आहे, पण ते पूर्ण वाचून होण्याआधीच समोरचा माणूस कार्ड खिशात टाकतो. म्हणून मी सोपं करून सांगते: चीनमधून आलेलं मशीन जर्मन कारखान्यात नीट चालू होईपर्यंत सगळ्यांच्या मागे लागायचं, हे माझं काम. आमच्या सासूबाई नागपूरला ओळखीच्या लोकांना सांगतात, "सूनबाई तिकडे मशीनचं बाळंतपण करते." याहून अचूक वर्णन मला आजवर जमलेलं नाही. कळा येतात, आरडाओरडा होतो, ज्यांचा काही संबंध नाही ते सल्ले देतात, आणि सगळं निस्तरल्यावर एक गंभीर गृहस्थ येऊन सही करतात.

या सहीच्या दिवसाला इथे आबनामे म्हणतात. ग्राहकाचा माणूस स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो, मशीन ठरलेले तास न थांबता चालावं लागतं, निघालेला माल तो तपासतो आणि मग सही करतो. सही झाली की आमचा चिनी तंत्रज्ञ घरी जातो. नाही झाली तर तो इथेच, मी इथेच आणि मशीनही इथेच.

ड्युसेलडॉर्फच्या बाहेर आमचं छोटंसं ऑफिस आहे. पाच माणसं आणि एक कॉफीचं मशीन, जे कधीच आबनामेत पास होणार नाही. तिथे बारा वर्षं मी एक यादी चालवते आहे. दर कामाला नवी यादी, पण रकाने तेच: अनुक्रमांक, अडचण, जबाबदार व्यक्ती, कधीपर्यंत, आणि शेवटी सिग्नलचा रंग. हिरवा, पिवळा, लाल. जर्मन लोकांना हे रंग फार प्रिय आणि मला यादी प्रिय, त्यामुळे आमचं जमतं. माझ्या घरी मसाल्याच्या डब्यांवरही तारखा आहेत, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे आश्चर्य वाटायला नको.

दोन-तीन हिवाळ्यांपूर्वीची ही गोष्ट. ड्युसेलडॉर्फची मोहरीची चटणी प्रसिद्ध आहे. इथले लोक ती सॉसेजला लावून खातात आणि डोळ्यांत पाणी आलं की समाधानाने मान हलवतात. अशा एका चटणीच्या कारखान्यात आमचं मशीन बसवायचं होतं. मिनिटाला साठ ट्यूबांमध्ये चटणी भरायची आणि ट्यूबची शेपटी गरम चिमट्यात धरून बंद करायची. चीनहून आलेले तंत्रज्ञ होते लाओ चौ. लाओ म्हणजे आपल्याकडचं काका समजा. वय अठ्ठावन्न, गळ्यात चष्मा, हातात चहाचा थर्मास. त्यांना चिनीशिवाय काही येत नाही, म्हणून सोबत आमच्या ऑफिसची दुभाषी लिन. लिन मला जिए म्हणते, म्हणजे ताई, आणि माझ्या सगळ्या सूचनांचं भाषांतर करत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

सोमवारी पहिल्याच बैठकीत चौंनी खिशातून विमानाचं तिकीट काढून टेबलावर ठेवलं. शुक्रवारी संध्याकाळचं, फ्रँकफर्टहून.

"रविवारी त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न आहे," लिनने सांगितलं. "मोठीच्या लग्नात ते तुर्कस्तानात एका मशीनच्या पोटात होते. त्या फोटोत वडिलांच्या जागी रिकामी खुर्ची आहे. बायको म्हणाली आहे, या वेळी आला नाहीत तर येऊच नका."

"काळजी करू नका," मी म्हणाले. "आबनामे बुधवारी आहे. दोन दिवस हातात उरतात." आणि यादीत लिहिलं: चौंचं विमान, जबाबदार: मी, हिरवा.

चौंनी चष्मा नाकावर चढवून माझी यादी पाहिली. मशीन नुकतंच खोक्यांतून निघालेलं, त्यामुळे बऱ्याच ओळी लाल होत्या.

"ते विचारतात, हे सगळं लाल का?"

"कारण सगळं वाईट आहे."

"ते म्हणतात, वाईट आहे ते त्यांनाही दिसतंय. पण त्या वाईटाचं पुढे काय चाललंय? ते बसलंय, चालतंय, की कोणी त्याला ढकलतंय?"

मी म्हटलं, तीनच रंग आहेत, त्यांत बसवा. त्यावर चौंनी पट्टी घेतली, माझ्या सुंदर छापील यादीच्या उजव्या अंगाला पेनने एक रेघ मारली आणि नवा रकाना सुरू केला. बारा वर्षांत माझ्या यादीला कोणी हात लावला नव्हता. मी खुर्चीतून अर्धी उठले आणि पुन्हा बसले.

चिनी भाषेत म्हणे चार-चार अक्षरांचे वाक्प्रचार असतात आणि बिघडलेलं आणखी कसं बिघडतं यावर त्यांच्याकडे पोतंभर आहेत. चौंनी त्यातले पाच माझ्यासाठी निवडले. पहिला, श्युए शांग चिया श्वांग: बर्फ पडलेलाच आहे, त्यावर आता दहिवरही गोठलं. यात कोणाची चूक नसते, खोरं घ्यायचं आणि धीर धरायचा. दुसरा, आगीवर तेल. हा ऐकून मी ओरडलेच, "अहो, हा आमचा आहे!"

चौंनी संशयाने पाहिलं. "ते विचारतात, तुमच्याकडे कोणतं तेल?"

"कोणतंही! जवसाचं, शेंगदाण्याचं! तेल म्हणजे तेल!"

चौ इतके खूश झाले, जणू हरवलेली आत्तेबहीण भेटली. त्यांनी थर्मासच्या झाकणात मला चहा दिला. तिसरा प्रकार म्हणजे विहिरीत पडलेल्या माणसावर वरून दगड टाकणं. असं झालं तर दगडवाल्याशी भांडत बसायचं नाही, आधी माणूस वर काढायचा. चौथा, पाओ शिन च्यू हुओ: लाकडाची मोळी काखेत मारून आग विझवायला धावणं. मी म्हटलं, असं कोण करतं? चौंनी नुसता चहा प्यायला.

पाचवा त्यांनी रकान्याच्या अगदी तळाशी लिहिला. पू खं शौ श्र. लिन म्हणाली, "म्हणजे, आवरता न येण्याजोगं. आता गोळा करून जागेवर ठेवताच येणार नाही असं. ते म्हणतात, तीस वर्षांत एकदाही लिहावा लागलेला नाही."

"माझ्या यादीतही लिहावा लागणार नाही," मी म्हणाले. न आवरणारी गोष्ट या जगात असते, हेच मला मान्य नव्हतं.

बुधवारी सकाळी मशीन सुरू केलं. दहातल्या एका ट्यूबची शेपटी नीट चिकटत नव्हती. पुढून दाबलं की चटणी मागून बाहेर. चौंनी एक रिकामी ट्यूब उचलली, काखेत धरली आणि स्टुलावर शांत बसून राहिले.

"ते म्हणतात, ट्यूब गार आहे," लिन म्हणाली.

फेब्रुवारी महिना. बाहेर उणे सहा. गार नसलेली एकही वस्तू त्या आवारात नव्हती. मी लिहिलं: अनुक्रमांक ४१, ट्यूब गार, हिरवा. आणि पुढच्या ओळीकडे वळले, कारण तेवढ्यात कारखान्याचा कॉम्प्रेसर बंद पडला. आमचं मशीन हवेच्या दाबावर चालतं. हवा नाही तर काहीच नाही. ग्राहकाकडचे इंजिनियर हेर केलर, म्हणजे केलरसाहेब, आले. उंच, करड्या सुटातले, सही करणारे गंभीर गृहस्थ ते हेच. त्यांनी आबनामे दुसऱ्या दिवसावर, म्हणजे गुरुवारवर ढकलली. चौंनी यादीत बर्फ आणि दहिवर लिहिलं आणि पुन्हा ट्यूब काखेत धरली.

मी मात्र कामाला लागले. तासाभरात भाड्याचा कॉम्प्रेसर आणवला. काय वेग! स्वतःचंच कौतुक वाटलं. यादीत लिहिलं: हवा, सोडवलं, बंद. त्या भाड्याच्या यंत्राने हवेसोबत पाणीही पाठवलं आणि आमच्या मशीनचे व्हॉल्व्ह चिकटले. मी दुपारच्या आत नवे व्हॉल्व्ह मागवले. ते बसेनात. मी जोडण्या मागवल्या. त्या गळायला लागल्या. मग चीनच्या मुख्य ऑफिसला व्हिडिओ कॉल लावला. तिथल्या एका उत्साही गृहस्थांनी सांगितलं, सगळं रिसेट करा. मी चौंकडे न बघता बटण दाबलं. मशीनला स्वतःचं नावही आठवेना.

त्या संध्याकाळी घरी रश्शात मीठ जास्त पडलं. सासूबाई हिवाळ्यात आमच्याकडे आल्या होत्या. त्या जेवणाच्या टेबलाशी लसूण सोलत बघत होत्या. मी पाणी घातलं. रस्सा पातळ झाला म्हणून बेसन लावलं. गुठळ्या झाल्या म्हणून मिक्सर काढला.

"सुजाता," त्या म्हणाल्या, "त्या पातेल्याला जरा एकटं सोडतेस का?"

"अहो आई, अजून दोन मिनिटं, नीट होतंय."

"मघापासून तू नीटच करते आहेस, म्हणून तर ते असं झालंय. आधी एक बटाटा टाकून गप बसली असतीस तर आतापर्यंत जेवून झालं असतं."

मी हसले. अर्थबोध झाला असं मात्र नाही.

गुरुवारी सकाळी मी ठरवलं की ग्राहकाचा विश्वास वाढवायला हवा. हेर केलर यांना मीच बोलावलं, आमची तयारी तरी बघा म्हणून. ते मशीनसमोर उभे राहिले, हात मागे. त्याच क्षणी भरणीच्या नळीला रिसेट झाल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी आठवलं. पिवळ्या चटणीची एक सुरेख कमान हवेतून गेली आणि हेर केलर यांच्या टायपासून पट्ट्यापर्यंत स्थिरावली. मोहरीचा वास डोळ्यांत गेला आणि आम्ही चौघेही रडलो. केलर जास्त.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', ते म्हणाले. "आबनामे सोमवारी."

सोमवारी. लिनने भाषांतर केलं नाही, पण चौंना कळलं. त्यांनी खिशातलं तिकीट काढलं, घडी उलगडली, पुन्हा घातली आणि मशीनच्या मागे जाऊन बसले. भरीस भर म्हणून दुपारी एका प्रतिस्पर्धी कंपनीचा विक्रेता केलर यांना भेटायला आला, अगदी सहज, हातात सफरचंदाचा केक घेऊन. दगड पडायला लागले होते.

मी यादी काढली. आता काय काय करता येईल ते लिहायला घेतलं: दुसरा तंत्रज्ञ, दुसरा कॉम्प्रेसर, तिकीट बदलणं. लिहिता लिहिता उजवीकडच्या रकान्यावर नजर गेली. चौ गुपचूप तो भरत होते. वर दहिवर, खाली दगड, पण मधल्या पाच ओळींत तीच चार अक्षरं पाच वेळा.

"लिन, हे काय आहे?"

"काही नाही, जिए."

"लिन."

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाली, "मोळी."

"पाचही?"

"पाचही."

मी त्याच ओळींतला जबाबदार व्यक्तीचा रकाना पाहिला. कॉम्प्रेसर, मी. व्हॉल्व्ह, मी. जोडण्या, मी. रिसेट, मी. केलर यांचं निमंत्रण, मी. माझी आद्याक्षरं एकाखाली एक, अगदी सरळ रेषेत. माझं अक्षर चांगलं आहे.

आधी कान तापले, मग पोटातून हसू आलं आणि थांबेना. लिनलाही लागण झाली. आम्ही दोघी मशीनला धरून हसत होतो आणि मागून चौ डोकं बाहेर काढून बघत होते, की या बायकांना आता काय झालं. मी त्यांच्यापुढे जाऊन काखेत खोटी मोळी धरून दाखवली. ते इतके हसले की थर्मास कलंडला.

मग मी तिघांसाठी खुर्च्या ओढल्या आणि चार दिवसांत पहिल्यांदा एक प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसले. "ट्यूब गार आहे म्हणजे काय?"

म्हणजे एवढंच, की ट्यूबांची खोकी मालाच्या दाराशी, उणे सहात ठेवलेली होती. गार प्लास्टिक चिमट्यात चिकटत नाही. काखेत गरम केलेली ट्यूब बुधवारीच पहिल्या फटक्यात चिकटली होती. मशीनमध्ये काही बिघडलेलंच नव्हतं. ते मी बिघडवलं होतं.

आणखी एक. कारखान्याचा स्वतःचा कॉम्प्रेसर सकाळी सातपासून दुरुस्त होऊन चालू होता. मी तो मुद्दा 'बंद' केला होता म्हणून कोणी बघायलाच गेलं नव्हतं.

मी हेर केलर यांच्या खोलीत गेले. त्यांनी कारखान्याचा निळा डगला घातला होता. टेबलावर केक होता.

"हेर केलर, मी पाच गोष्टी केल्या, पाचही चुकल्या. त्या मी आता काढून टाकते आहे. उद्या सकाळी आठला आबनामे द्याल का? चौंना मुलीच्या लग्नाला जायचं आहे."

"आणि उद्यापर्यंत तुम्ही काय करणार?"

"काहीच नाही."

"हे मी कोऑर्डिनेटरच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकतोय," ते म्हणाले. "गेनाऊ, अगदी बरोबर. आठ वाजता. केक घ्या."

ट्यूबांची खोकी गरम हॉलमध्ये हलवली. भाड्याचं यंत्र परत गेलं. चौंनी जुने व्हॉल्व्ह पुसून बसवले आणि खिशातली छोटी वही काढली. मी पुसलेले सगळे आकडे तिच्यात पेन्सिलने लिहिलेले होते. दोन तास त्यांनी आम्हाला जवळ येऊ दिलं नाही. ते दोन तास माझ्या नोकरीतले सगळ्यात कष्टाचे. मी पेन लिनकडे देऊन टाकलं होतं.

शुक्रवारी आठला मशीन सुरू झालं. अट होती चार तास, अखंड. टक, टक, टक, दर सेकंदाला एक पिवळी ट्यूब. केलर यांच्या हातात स्टॉपवॉच आणि अंगावर नवा सूट, मशीनपासून चांगले चार मीटर लांब. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा. चौंनी मशीनमध्ये ट्यूबांची नवी भर टाकली. मी हात खिशात घालून उभी.

अकरा त्रेचाळीसला भोंगा वाजला. आगीचा सराव! दारावर महिनाभर सूचना लावलेली होती. ती माझ्या यादीतही होती, पण सोमवारपर्यंत आबनामे गेली तेव्हा मी ती ओळ खोडली होती. हेर केलर यांनी एका हाताने पिवळं जॅकेट चढवलं, कारण सरावाचे प्रमुखही तेच. "सगळं आहे तसं सोडा आणि बाहेर पडा! सगळे!"

माझा हात आपोआप मशीनच्या लाल बटणाकडे गेला. कोणी बघायला नसताना मशीन चालू कसं ठेवायचं? बंद करते, मग नव्याने चार तास मोजू, विमान चुकेल, पण निदान... चौंनी माझ्याकडे पाहिलं. नुसती मान हलवली. मी हात परत खिशात घातला आणि निघाले.

कारखान्याच्या पटांगणात दीडशे माणसं बर्फात उभी. चौ शर्टावरच होते, लिनने त्यांना तिची फुलाफुलांची शाल गुंडाळली. खिडक्यांवर वाफ धरलेली, आतलं काही दिसेना. फक्त ऐकू येत होतं, टक, टक, टक. हेर केलर माणसं मोजत होते आणि दर वीस माणसांनंतर स्टॉपवॉचकडे बघत होते.

बारा वाजून चार मिनिटांनी आत सोडलं.

भरलेल्या ट्यूबा एका पेटीत पडतात आणि पेटी भरली की माणूस ती बदलतो. एकवीस मिनिटं माणूसच नव्हता. पेटी दिसतच नव्हती. तिच्या जागी पिवळ्या ट्यूबांची एक टेकडी होती. ती मशीनखाली गेली होती, कपाटांखाली गेली होती, एक धार पायऱ्यांवरून उड्या मारत खालच्या मजल्याकडे निघाली होती, आणि वरून टक, टक, टक, नवी भर पडतच होती.

हेर केलर यांनी करारपत्र काढून पुन्हा वाचलं. "अखंड असं लिहिलंय," ते सावकाश म्हणाले. "कोणी बघत असलं पाहिजे असं लिहिलेलं नाही." मग ते टेकडीसमोर गुडघ्यांवर बसले. इथून एक, तिथून एक, कपाटाखालून एक, अशा पंचवीस ट्यूबा त्यांनी काढल्या आणि नव्या सुटाची पर्वा न करता प्रत्येक ट्यूब पूर्ण ताकदीने दाबली. एकाही शेपटीतून काही आलं नाही. त्यांनी गुडघ्यावरच कागद ठेवून सही केली.

चौ टेकडीकडे बघत होते. पायऱ्यांवरून आणखी एक ट्यूब टणटण करत गेली. शाल सावरत, अत्यंत आनंदाने, तीस वर्षांत पहिल्यांदा ते म्हणाले:

"पू खं शौ श्र!"

लिनला हसण्यामुळे भाषांतर करता येईना. गरजच नव्हती. आम्ही चौघे रांगत रांगत ट्यूबा गोळा करायला लागलो, केलरही. "दहा-दहाच्या रांगा करू या का?" एवढं माझ्या तोंडून निघालं. तिघांनी एकदम वर पाहिलं. मी तोंड मिटलं आणि जशा हाताला येतील तशा टाकत गेले.

स्टेशनवर मीच सोडायला गेले. फलकावर चौंची गाडी चाळीस मिनिटं उशिरा. माझ्या अंगठ्याने फोन कधी उघडला मला कळलंच नाही: दुसरी गाडी, टॅक्सी, कोणाची कार. चौंनी तो फोन अलगद माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या खिशात ठेवला आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला. आम्ही बाकावर बसलो. भाषा नाही, लिन नाही, यादी नाही. गाडी आली, फोन परत मिळाला, आणि ते गेले.

तो सहावा रकाना आजही माझ्या प्रत्येक यादीत आहे. मोळी लिहायची वेळ येते, तेव्हा शेजारी बहुतेक माझीच आद्याक्षरं असतात. आणि ४१ क्रमांकाची ओळ आठवली की अजून कान तापतात. माणसाने बुधवारी सकाळीच काखेत धरून दाखवलं होतं.

त्या रविवारी जेवताना लिनने लग्नाचा फोटो पाठवला. मेजवानीच्या टेबलावर मासे, बदक आणि मध्ये टोपणावर उभी केलेली एक पिवळी ट्यूब. चौ सुटात, चष्मा नाकावर. उजवीकडे लाल पोशाखातली नवरी. आणि डावीकडे आणखी एक नवरी, तशाच लाल पोशाखात, जरा जाडसर, कडेवर मूल.

"ही कोण गं दुसरी?" सासूबाईंनी चष्मा शोधत विचारलं.

मी खालचा मजकूर वाचून दाखवला. मोठ्या मुलीने स्वतःचा लग्नाचा पोशाख पेटीतून काढून घातला होता, रिकाम्या खुर्चीऐवजी वडिलांबरोबर फोटो हवा म्हणून. चौंनी हेर केलर यांना नमस्कार सांगितला होता आणि माझ्यासाठी निरोप दिला होता: दोन्ही आबनामे झाल्या.